शेजारच्या सीटचा ब्रेक

जुनी गाडी विकायला काढली की ओळखीपाळखीतला प्रत्येक माणूस त्या विषयातला जाणकार निघतो. गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांना आठवडाभरात इतके सल्ले मिळाले की त्यातले निम्मे उरलेल्या निम्म्यांना खोडून काढायलाच पुरले. मेव्हणा म्हणाला, व्यापाऱ्याला देऊन टाका, एका सहीत मोकळे व्हाल. वरच्या मजल्यावरचा कारकून म्हणाला, व्यापाऱ्याकडे गेलात तर अंगावरचा सदरासुद्धा तिथंच ठेवून याल, त्यापेक्षा फोनवर जाहिरात टाका. परगावी दिलेली लेक म्हणाली, बाबा, अनोळखी माणसं घरी बोलावू नका, ओळखीतच गिऱ्हाईक बघा.

बायकोनं मात्र वेगळंच काढलं. भांडी पुसून फळीवर लावता लावता ती म्हणाली, "विकायची कशाला? मी चालवीन की."

मास्तर हसले. वाईट हे की अगदी मनापासून हसले.

"अगं, तुझे सदतीस ठिपके विसरलीस वाटतं?"

ठिपके म्हणजे काय, ते सांगायला हवं. मास्तरांच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, शिकवणाऱ्या गाड्यांना असतो तसा. शिकणारा चुकला की मास्तर आधी "ब्रेक!" म्हणून ओरडायचे आणि लगेच आपल्या पायानं तो दाबायचे. आधी गळा, मग पाय, ही त्यांची शिस्त. जितक्या वेळा पाय दाबावा लागला तितके ठिपके त्या दिवशी शिकणाऱ्याच्या पानावर पडायचे. सलग दहा दिवस पान कोरं राहिलं तरच मास्तर त्याला परीक्षेला पाठवायचे. बावीस वर्षांच्या अशा वह्या कपाटात रचलेल्या होत्या. "माझ्या या एका पायानं किती जीव वाचवले, त्याचा हा दाखला," असं ते आल्यागेल्याला दाखवायचे. गुडघा कामातून गेला तेव्हाही डॉक्टरांना त्यांनी अभिमानानं सांगितलं, "ब्रेक दाबून दाबून झिजलाय." त्या गुडघ्यापायीच तर आता शिकवणं बंद करून गाडी विकायची होती.

बायको चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडेच शिकली. अकरा दिवसांत सदतीस ठिपके. अकराव्या दिवशी शाळेच्या गल्लीत एक पोरगं चेंडूमागं थेट गाडीपुढं आलं. मास्तर ओरडले, पाय दाबला, गाडी हातभर अंतरावर थांबली. बायको म्हणाली, "अहो, मी दाबला ब्रेक." मास्तर म्हणाले, "तुला वाटलं तसं. माझा पाय नसता तर आज आपण तुरुंगात असतो." पुढं ती हट्टानं परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली, तरी मास्तरांचं म्हणणं एकच, परीक्षकाचा पाय होता म्हणून निभावलं. तिचा परवाना तेव्हापासून सुईदोऱ्याच्या डब्यात पडून होता. आणि चेंडूची गोष्ट? ती मास्तरांनी प्रत्येक लग्नकार्यात सांगितली, तिच्यादेखत, हावभावांसकट.

आज मात्र ती हसली नाही. "दोन-दोन बस बदलून मी थकले," ती म्हणाली. "ताईच्या वेळेला काय झालं ते माहीत आहे ना? पुन्हा कुणासाठी तसं ताटकळत बसायचं नाही मला."

ताई म्हणजे तिची थोरली बहीण, नदीपलीकडं राहायची. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती अचानक गेली आणि बायको पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हा विषय निघाला की मास्तरांना नेहमी काहीतरी काम आठवायचं. आताही ते उठले आणि व्यापाऱ्याकडे जायला निघाले.

व्यापारी गाडीभोवती एकदा फिरला आणि दुसरा ब्रेक बघून त्यानं तोंड वाकडं केलं. "शिकाऊ गाडी! शंभर नवशिक्यांनी गिअर ओरबाडलेत हिचे. आणि हा पुढचा पोचा कसला?"

"गेल्या वर्षी कचऱ्याच्या डब्याला लागली. बावीस वर्षांत तेवढा एकच!" मास्तर फणकारले. "शिकणारा गोंधळला, ब्रेकऐवजी दुसरंच दाबलं त्यानं."

"आणि तुमचा ब्रेक?"

"मी दाबला होता. इंजिनाच्या जोरापुढं चालला नाही, एवढंच."

व्यापाऱ्यानं जो आकडा सांगितला तो ऐकून मास्तर नमस्कार करून परतले. मग जाहिरात टाकली. पहिल्या दिवशी सतरा फोन आले. एकाला गाडीच्या बदल्यात सोफा द्यायचा होता. एकानं तासभर माहिती विचारली आणि शेवटी सांगितलं की घ्यायची नाही, सहज विचारत होतो. एक बाई रंग ऐकूनच रागावल्या. शेवटी लेकीचं म्हणणं खरं ठरलं. मास्तरांकडे शिकून गेलेल्या एका मुलीचा भाऊ फोटोग्राफर होता, त्याला कॅमेऱ्याचं सामान न्यायला गाडी हवी होती. भाव बरा देत होता. अट एकच, तो दुसरा ब्रेक काढून टाका आणि दारावरची अक्षरं पुसून द्या.

"गुरुवारी चार वाजता पैसे घेऊन येतो," तो म्हणाला. मास्तरांनी हो म्हटलं. बायकोला त्यांनी विचारलं नाही, फक्त कळवलं. तिनं "बरं" म्हटलं आणि पिठाच्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी दारावरची अक्षरं घासून पुसली आणि गाडी घेऊन ते फिटरकडे गेले. हा फिटर जुना, तोंडाचा फाटका आणि हाताचा चोख. तो उजेडाची बॅटरी घेऊन शेजारच्या सीटपुढं उताणा शिरला. पाय बाहेर, बाकी सगळा आत. मास्तर दाराशी उभे राहून त्याला चेंडूची गोष्ट सांगायला लागले, कारण त्यानं ती अजून ऐकली नव्हती.

गोष्ट चेंडूपर्यंत आली आणि आतून आवाज आला, "मास्तर, ही केबल कधी सोडवली तुम्ही?"

"कुठली केबल?"

"तुमच्या ब्रेकची."

"मी कशाला सोडवू?"

फिटर बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर नेहमीची थट्टा नव्हती. "या इकडं. सीटवर बसा आणि दाबा तुमचा ब्रेक."

मास्तर बसले. पाय सवयीनं जागेवर गेला. दाबला. पेडल खाली गेलं, पाय उचलताच वर आलं, नेहमीसारखंच घट्ट आणि शहाणं. फिटर स्टिअरिंगच्या बाजूला वाकला होता. "आता इकडं बघा. तुम्ही दाबलं की हे मुख्य पेडल आपोआप खाली जायला पाहिजे. पुन्हा दाबा."

मास्तरांनी पुन्हा दाबलं. मुख्य पेडल जागचं हललं नाही.

"जोरात दाबा."

त्यांनी दुखऱ्या गुडघ्याची पर्वा न करता सगळा जोर लावला. पेडल हललं नाही. फिटरनं बॅटरी खाली धरली. केबलचं टोक गुंडाळून एका तारेनं पत्र्याला बांधून ठेवलं होतं. तारेला गंज चढला होता, टोकावर धुळीचा जाड थर होता.

"तुमचं पेडल नुसतं स्प्रिंगवर नाचतंय, मास्तर. ते ब्रेकला जोडलेलंच नाही. कुणीतरी मुख्य ब्रेकचं काम करताना ही आड येते म्हणून बांधली आणि परत लावायला विसरला. माझं काम नाही हे. माझा हात मोडला होता तेव्हा तुम्ही कुठं गेला होता?"

"पुलापलीकडच्या गॅरेजात," मास्तर म्हणाले.

"म्हणजे चार वर्षं झाली. चार वर्षं तुम्ही नुसती हवा दाबत होता!"

पायाखालची जमीन सरकणं हा शब्दप्रयोग मास्तरांनी आयुष्यात शेकडो वेळा वापरला असेल. त्याचा अर्थ त्यांना त्या सीटवर बसल्या बसल्या कळला. त्यांनी पाय पेडलवरून झटकन उचलला, चटका बसल्यासारखा. गॅरेजात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, तो आवाज त्यांना फार लांबून येतोय असं वाटलं.

चार वर्षं. शंभरावर माणसं त्यांनी या गाडीत बसवली होती. बँकेतली ती घाबरट बाई, जी वळणावर डोळे मिटून घ्यायची. तो निवृत्त शिक्षक, ज्याला डावं-उजवं कळत नसे. प्रत्येकाला त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "भिऊ नका, माझा पाय आहे." त्या भरवशावर ती माणसं बाजारातून, शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून गाडी घेऊन गेली होती. आणि पाय नव्हताच. काळजात नुसतं धस्स होऊन थांबत नाही अशा वेळी, ते पुन्हा पुन्हा होत राहतं, एकेक चौक आठवला की एकेकदा.

"पण मग गाडी थांबायची कशी?" त्यांनी विचारलं. स्वतःलाच विचारलं, पण फिटरनं उत्तर दिलं.

"कशी म्हणजे? चालवणारा थांबवायचा. तुम्ही असे ओरडता की पलंगावर झोपलेला माणूससुद्धा ब्रेक शोधेल. पोरं घाबरून दाबत असतील, आणि तुम्हाला वाटत असेल तुम्हीच दाबला. आयत्या बिळावर नागोबा!"

मास्तरांना कचऱ्याचा डबा आठवला. त्या आठवड्यात त्यांचा घसा बसला होता. आवाज फुटत नव्हता म्हणून त्यांनी नुसता पाय दाबला होता. जोर लावून दाबला होता. गाडी सरळ जाऊन डब्यावर आदळली होती आणि त्यांनी त्या बिचाऱ्या शिकणाऱ्याला भर रस्त्यात झापलं होतं. डबा होता म्हणून बरं. तिथं माणूस असता तर? ते तसेच खाली उतरले आणि टायरवर बसले.

फिटरनं त्यांना पाणी दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, झाकली मूठ सव्वालाखाची. कुणाला काही लागलं नाही, कुणी मेलं नाही. मी पेडल काढतो, चार वाजता गाडी देऊन टाका आणि हात झटका. कोण विचारतंय?"

सल्ला सोयीचा होता. मास्तरांनी मान हलवली. पण मान हलवता हलवताच त्यांना चेंडू आठवला, आणि पेला खाली ठेवून ते तसेच गाडीकडे वळले.

घरी ते गाडी घेऊन कसे आले ते त्यांनाच ठाऊक. एरवी वीस मिनिटांचा रस्ता, आज पाऊण तास लागला. प्रत्येक पादचारी दिसला की ते थांबत होते. बायको शेजारणीकडे गेली होती. मास्तरांनी कपाट उघडलं, बिलांची फाइल काढली. पुलापलीकडच्या गॅरेजचं बिल सापडलं. तारीख बघितली. मग वही काढली. बायकोचं पान शोधावं लागलं नाही, ते दाखवून दाखवून आपोआप उघडायचं. पहिल्या धड्याची तारीख बिलानंतर तीन आठवड्यांची होती.

ती बिलाच्या आधीची निघाली असती तर! एवढी एकच गोष्ट त्यांनी मनाशी मागितली होती, तीही मिळाली नाही. ते पान मांडीवर ठेवून बसून राहिले. सदतीस ठिपके. निळ्या शाईचे, टपोरे, प्रत्येक वेळी गाडी बाजूला घेऊन तिच्यादेखत मारलेले.

बायको आली तेव्हा साडेतीन वाजले होते. त्यांचा चेहरा बघून ती दारातच थबकली. "काय झालं? लेकीचा फोन आला का?"

"नाही. बस जरा."

"तब्येत बरी आहे ना? घाम किती आलाय!"

"अगं, बस म्हणतो ना."

ती बसली. मास्तरांनी सांगितलं. सांगताना मध्येच कचऱ्याच्या डब्याकडे वळले, बँकेतल्या बाईकडे वळले, फिटरच्या मोडलेल्या हातापर्यंत गेले. ज्याला आयुष्यभर बोलायची सवय त्याला मुद्द्यावर यायला इतका वेळ लागावा! शेवटी त्यांनी बिल आणि वही तिच्यापुढं ठेवली आणि म्हणाले, "तू शिकलीस तेव्हा माझा ब्रेक जोडलेलाच नव्हता. एकही दिवस नव्हता."

तिनं दोन्ही तारखा ताडून बघितल्या. मग तिनं पानावर बोट ठेवलं आणि एकेक ठिपका मोजायला लागली. मास्तर म्हणाले, "सदतीस आहेत." तिनं ऐकलं नाही. सगळे मोजूनच ती थांबली.

"म्हणजे सदतीस वेळा मी गाडी थांबवली."

"हो."

"तो चेंडूवाला पोरगा?"

"तूच."

"मी तेव्हाच सांगितलं होतं तुम्हाला."

"हो. सांगितलं होतंस."

मास्तरांना वाटलं, आता ती रडेल, नाहीतर आरडाओरडा करेल. दोन्हीला ते तयार होते. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. तिची नजर मात्र भिंतीवरच्या खिळ्याकडे गेली होती. त्या खिळ्याला गाडीची किल्ली टांगलेली असायची.

"ताईच्या घरून फोन आला ना, त्या दुपारी," ती म्हणाली, "तुम्ही कोणाच्या तरी स्कूटरवरून परवान्याच्या कचेरीत गेला होता. फोन उचलत नव्हता. गाडी इथं फाटकाशी उभी होती. मी किल्ली हातात घेतली होती."

मास्तरांना हे माहीत नव्हतं. दोन वर्षांत तिनं हे कधी सांगितलं नव्हतं.

"फाटकापर्यंत गेले. दार उघडून आत बसलेसुद्धा. मग वाटलं, वाटेत कोणाचं पोरगं आडवं आलं तर? शेजारी तुम्ही नाही. माझ्या हातून मरायचं कोणीतरी. उतरले, किल्ली परत खिळ्याला लावली आणि बसथांब्यावर गेले." ती थांबली. "ताई माझं नाव घेत होती म्हणे. मी पोचायच्या अर्धा तास आधीपर्यंत."

मास्तरांचा हात पुढं झाला आणि मध्येच थांबला. चुकलं म्हणावं तर तो शब्द फारच लहान होता. वीस मिनिटांचा रस्ता. ताईच्या घरी गाडीनं वीस मिनिटं आणि बसनं दीड तास. हा हिशेब तिनं दोन वर्षं किती वेळा केला असेल, आणि ते मात्र लग्नमांडवात चेंडूमागं धावणाऱ्या पोराची नक्कल करून माणसं हसवत होते. त्यांना स्वतःची इतकी किळस आधी कधी आली नव्हती.

"मी... अगं, मला खरंच माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"ब्रेकचं नव्हतं माहीत," ती म्हणाली. "माझं तरी कुठं माहीत करून घेतलंत?"

ती उठली. आतल्या खोलीत गेली. डबा उघडल्याचा आवाज आला, रिळं खडखडली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो परवाना होता. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट करून तिनं हात पुढं केला. त्यांनी किल्ली दिली.

"मी येतो शेजारी," ते म्हणाले.

"नको."

"अगं, चार वर्षं हात नाही लावलास. निदान कोपऱ्यापर्यंत..."

"येऊन काय करणार?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो, साधा प्रश्न होता.

ते फाटकाशी उभे राहिले. तिनं सीट पुढं ओढली, आरसा वळवला, पट्टा लावला. सगळं त्यांनीच शिकवलेल्या क्रमानं. पहिल्यांदा गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्यांदा गिअर करकरला, पण गाडी निघाली. सावकाश, रस्त्याच्या कडेकडेनं, दारावर पुसलेल्या अक्षरांच्या खुणा घेऊन ती पुढं गेली.

कोपऱ्यावर दुधाच्या दुकानातून एक सायकलवाला इकडंतिकडं न बघता रस्त्यात शिरला. मास्तरांचा उजवा पाय फूटपाथच्या फरशीवर इतक्या जोरात दाबला गेला की गुडघ्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. ‘ब्रेक!’ हा शब्द ओठांपर्यंत येऊन राहिला. इतक्या लांब पोचला नसताच तो. गाडीचे मागचे लाल दिवे लागले. गाडी थांबली. सायकलवाला पुढून निघून गेला, त्याला काही कळलंही नाही. मग दिवे विझले, वळणाचा दिवा लुकलुकला आणि गाडी नदीच्या रस्त्याला लागली.

मास्तर तिथंच कुंपणाला धरून उभे राहिले. थोड्या वेळानं मागून कोणीतरी घसा खाकरला. फोटोग्राफर होता, ठरल्याप्रमाणे बरोबर चार वाजता, काखेत पैशांचं पाकीट घेऊन.

"मास्तर, गाडी दिसत नाही. दुसऱ्याला विकलीत की काय?"

"नाही हो," मास्तर म्हणाले. "जिची होती ती घेऊन गेली."

"परत कधी येतील?"

मास्तरांनी रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं. "ते तिनं सांगितलं नाही," ते म्हणाले, "आणि मी विचारलंही नाही."